छापील कापडाचा कस्टम्स कोड: छपाईचा प्रश्न सगळ्यात शेवटी

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात निटेड (होजिअरीच्या) कापडाच्या नऊ टॅरिफ ओळींवरची, म्हणजे कस्टम्सच्या दरयादीतल्या नऊ नोंदींवरची, आयात ड्युटी बदलली. आता ती '२० टक्के किंवा किलोमागे ११५ रुपये, यांपैकी जे जास्त' अशी आहे. स्वस्त मालाला हा बदल चांगलाच झोंबतो. २५० रुपये किलोच्या कापडावर २० टक्क्यांनी ५० रुपये झाले असते, आता ११५ भरायचे, म्हणजे थेट ४६ टक्के. किलोचा भाव ५७५ रुपयांच्या वर गेला की मगच टक्केवारी वरचढ ठरते.

यंत्रमागावर विणलेल्या कापडाला हा बदल लागू नाही. त्यामुळे शेजारी शेजारी ठेवलेल्या, एकाच फुलांच्या डिझाइनच्या दोन पॉलिएस्टर ताग्यांना वेगवेगळी ड्युटी लागू शकते. इनव्हॉइसवर मात्र दोन्हींसमोर 'पॉलिएस्टर प्रिंटेड फॅब्रिक' एवढंच लिहिलेलं असतं. न्हावा शेवा बंदरात अडकणाऱ्या बऱ्याच मालाचं दुखणं या तीन शब्दांत आहे. त्यात कोड ठरवायला लागणारी माहिती जवळजवळ काहीच नाही.

आठ आकडे कसे वाचायचे

आयात-निर्यातीच्या प्रत्येक वस्तूला एक कोड असतो. ही पद्धत ब्रुसेल्सच्या जागतिक कस्टम्स संघटनेची असून १९८८ पासून लागू आहे. तिला हार्मोनाइज्ड सिस्टिम, थोडक्यात एचएस म्हणतात. पहिले सहा आकडे जगभर सारखे. पुढचे दोन आपण आपल्या सोयीने जोडले आहेत, म्हणून भारतात कोड आठ आकडी. पहिल्या दोन आकड्यांना चॅप्टर, चारांना हेडिंग आणि सहांना सबहेडिंग म्हणायचं. एवढे तीन शब्द पुरेत.

हा कोड पिनकोडसारखा डावीकडून वाचायचा असतो. इचलकरंजीचा ४१६११५ वाचताना कोणी शेवटच्या ५ पासून सुरुवात करत नाही. कापडाच्या कोडमध्ये मात्र लोक नेमकं तेच करतात. छपाई डोळ्यांना आधी दिसते, म्हणून यादीत 'प्रिंटेड' शब्द शोधून सापडेल तो कोड उचलला जातो. छपाई ही शेवटची, बहुधा सहाव्या आकड्याची गोष्ट आहे (५५१३-५५१४ मध्ये पाचव्या). ५४०७.५४, ५४०७.९४, ५४०८.२४, ५५१६.१४ या सगळ्यांत शेवटचा ४ म्हणजे छापील. त्याआधीचे पाच आकडे धागा ठरवतो.

आधी बघा, हे कापड मागावरचं आहे का

मानवनिर्मित तंतूंच्या चॅप्टर ५४ आणि ५५ मधली कापडाची हेडिंग्ज फक्त उभ्या-आडव्या धाग्यांच्या, मागावर विणलेल्या कापडासाठी आहेत. निटेड म्हणजे होजिअरीचं कापड चॅप्टर ६० मध्ये जातं.

तपासणी सोपी आहे. कापलेल्या कडेचा एक धागा सुईने ओढा. मागावरच्या कापडातून तो सरळ निघतो आणि कडेला झालर उरते. निटेड असेल तर फासे उसवतात, किंवा वॉर्प-निट प्रकारात धागा निघतच नाही. दहा पट भिंगाखाली फासे स्पष्ट दिसतात. 'ताणलं की वाढतं, म्हणजे निटेड' हा समज सोडून द्या. थोडं स्पॅन्डेक्स घातलेलं मागावरचं कापडही मस्त ताणलं जातं.

मागावरचं असूनही काही कापडं या दोन चॅप्टरमधून बाहेर पडतात. मखमलीसारखं लव असलेलं कापड ५८०१ मध्ये जातं, दोन्ही कडा पक्क्या असलेली आणि ३० सेंटिमीटरपर्यंत पन्ह्याची पट्टी ५८०६ मध्ये आणि भरतकाम केलेलं कापड ५८१० मध्ये.

खरी गोची होते ती प्लास्टिकच्या थराची. छत्री, जॅकेट, बॅग यांच्या छापील कापडाला मागून पॉलियुरेथेन किंवा पीव्हीसीचा हात दिलेला असतो. तो थर नुसत्या डोळ्यांनी दिसत असेल तर कापड ५९०३ मध्ये जातं. दिसत नसेल तर ५४-५५ मध्येच राहतं. इथे एक बारीक अट आहे. थरामुळे केवळ रंग बदललेला दिसतो, एवढ्यावर 'थर दिसतो' असं म्हणता येत नाही. वीण बुजलेली आहे का, पृष्ठभागावर सलग पापुद्रा आहे का, हे बघायचं. पाणी न शोषणारं फिनिश दिलेलं कापड बोटाला गुळगुळीत लागतं, पण वीण तशीच उघडी असेल तर ते ५९०३ चं होत नाही. आणि प्लास्टिक सगळीकडे न लावता ठिकठिकाणी लावून त्याचंच डिझाइन उठवलं असेल, तर ते कापडही साधारणपणे आपल्या मूळ चॅप्टरमध्येच राहतं. रबरासारख्या जाड ठिपक्यांच्या प्रिंटबाबत वाद होतो तो इथेच.

मग धागा: अखंड की तुकड्यांचा

मानवनिर्मित तंतू दोन रूपांत येतात. एक अखंड, मैलोन्मैल सलग. त्याला फिलामेंट म्हणतात, चॅप्टर ५४. दुसरा कापसासारखा आखूड तुकड्यांचा, जो पुढे सूतगिरणीत कातून धागा करतात. तो स्टेपल, चॅप्टर ५५.

प्रत्येकात आणखी दोन घराणी आहेत. पॉलिएस्टर, नायलॉन, ॲक्रिलिक ही कारखान्यात मूळ रसायनांपासून घडवलेली, म्हणून सिंथेटिक. व्हिस्कोस, मोडाल, लायोसेल, ॲसिटेट यांचा मूळ माल लाकडाच्या लगद्यासारखा निसर्गातला, फक्त रूप रसायनांनी बदललेलं. त्यांना टॅरिफमध्ये आर्टिफिशियल म्हणतात. त्यामुळे सिंथेटिक फिलामेंटचं कापड ५४०७, आर्टिफिशियल फिलामेंटचं ५४०८, सिंथेटिक स्टेपलचं ५५१२ ते ५५१५ आणि आर्टिफिशियल स्टेपलचं ५५१६.

बाजारातली नावं इथे चालत नाहीत. क्रेप, जॉर्जेट, सॅटिन, शिफॉन ही वीण, पीळ किंवा पोत यांची नावं आहेत. त्यांतून तंतू कळत नाही. कुर्त्यांसाठी येणारं छापील 'रेयॉन' घ्या. कातलेल्या व्हिस्कोसचं असेल तर ५५१६, अखंड धाग्याचं असेल तर ५४०८. दुकानात दोन्हींना रेयॉनच म्हणतात.

घरी करता येण्याजोगी चाचणी अशी. उभा आणि आडवा, दोन्ही धागे वेगळे काढा आणि प्रत्येकाचा पीळ उलटा फिरवून सोडवा. ओढल्यावर धागा सहज तुटून टोकाला दोन-चार सेंटिमीटरचे केस सुटले, तर स्टेपल. लांबच लांब सलग तंतू हातात राहिले, तर फिलामेंट. मग चिमट्यात धरून जाळून बघा. पॉलिएस्टर वितळतं, काळा धूर सोडतं आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो. व्हिस्कोस कागदासारखं जळून भुरभुरीत राख होते. मणीही दिसला आणि राखही, तर कापड मिश्र आहे. उभा धागा तपासून आडवा सोडून देणं ही नेहमीची चूक. अनेक कापडांत ताण्याला फिलामेंट आणि बाण्याला कातलेला धागा असतो.

जाळून तंतू ओळखता येतो, टक्के कळत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. पॉलिएस्टर-कॉटनमधलं कॉटन ७५ टक्के तीव्रतेच्या सल्फ्युरिक ॲसिडमध्ये विरघळवतात आणि उरलेल्या पॉलिएस्टरचं वजन करतात. व्हिस्कोसही त्याच ॲसिडमध्ये विरघळतं. म्हणून तिघांचं मिश्रण असेल तर एका पायरीत काम भागत नाही. कॉटन आणि व्हिस्कोस वेगळं करायला फॉर्मिक ॲसिड आणि झिंक क्लोराइडचं मिश्रण वापरतात, त्यात व्हिस्कोस विरघळतं. रिपोर्ट मागताना 'कंपोझिशन' एवढंच लिहून दिलंत, तर फिलामेंट की स्टेपल याचा उल्लेख राहून जाऊ शकतो. तो वेगळा मागा. टेक्स्चर्ड आहे का, हेही मागा.

मिश्रणाचं गणित

मूळ नियम साधा आहे. मिश्र कापडात वजनाने ज्याचा वाटा सर्वात मोठा, सगळं कापड त्याचंच आहे असं धरायचं. निम्म्याहून जास्त असण्याची गरज नाही. बरोबरी झाली तर आकड्यांच्या क्रमात जे हेडिंग शेवटी येतं ते घ्यायचं. म्हणून ५२ टक्के कॉटन आणि ४८ टक्के पॉलिएस्टर स्टेपल असेल तर कॉटनचा चॅप्टर ५२. बरोबर ५०-५० असेल तर चॅप्टर ५५.

पण एक पोटनियम भल्याभल्यांना चकवतो. तिसरा एखादा चॅप्टर स्पर्धेत असेल तेव्हा ५४ आणि ५५ हे मिळून एकच चॅप्टर धरायचे. समजा कापडात ४० टक्के कॉटन, ३५ टक्के पॉलिएस्टर फिलामेंट आणि २५ टक्के व्हिस्कोस स्टेपल आहे. एकेकटं बघितलं तर कॉटन मोठं. पण ३५ आणि २५ मिळून ६० होतात, म्हणजे कापड मानवनिर्मित ठरलं. आता कॉटन बाजूला ठेवून उरलेल्या दोघांत मोठं कोण? फिलामेंट. हेडिंग ५४०७. पुढे सबहेडिंग ठरवताना कॉटन परत मोजणीत येतं. सिंथेटिक फिलामेंट ८५ टक्क्यांहून कमी आणि जोडीला मुख्यतः कॉटन, शिवाय छापील, म्हणून ५४०७.८४.

कापडात जरीचा धागा असेल तर त्याचं वजनही मोजायचं. धातूचा मुलामा असलेला धागा इथे स्वतंत्र कापडी घटक धरला जातो. स्पॅन्डेक्स हे सिंथेटिक फिलामेंट आहे, त्यालाही त्याच्या टक्क्यांनुसार जागा मिळते.

८५, १७० आणि टेक्स्चर्डचा सापळा

हेडिंग ठरल्यावर पुढचे आकडे काही मोजक्या मापांवर ठरतात. पहिलं माप ८५ टक्के. त्या मुख्य तंतूचं प्रमाण ८५ किंवा जास्त असेल तर कापड 'जवळपास शुद्ध' गटात, नाहीतर मिश्र गटात.

दुसरं माप वजनाचं. पॉलिएस्टर-कॉटन, ज्याला बाजारात पीसी किंवा टीसी म्हणतात, त्यात सिंथेटिक स्टेपल मुख्य पण ८५ टक्क्यांहून कमी असेल, तर चौरस मीटरला १७० ग्रॅमपर्यंत ५५१३ आणि त्यापुढे ५५१४. कॉटनच्या चॅप्टरमध्ये हीच सीमा २०० ग्रॅमची आहे, त्यामुळे एकाचा आकडा दुसरीकडे लावू नका. जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) कटरने कापलेला गोल तुकडा १०० चौरस सेंटिमीटरचा असतो, म्हणजे १.७० ग्रॅम भरला तर १७०. दमट हवेत कॉटन पाणी धरतं. मुंबईच्या पावसाळ्यात गोदामात मोजलेला १७२ हा आकडा प्रयोगशाळेत, २७ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रतेवर कापड स्थिरावल्यानंतर, १७० च्या खाली येऊ शकतो. शिवाय मोजायचं ते बंदरात आलेलं तयार कापड. कोऱ्या कापडाचं वजन पिगमेंट आणि बाइंडर चढल्यावर वाढलेलं असतं, आणि पुरवठादार बऱ्याचदा कोऱ्याचा जीएसएम लिहून पाठवतो.

तिसरं माप पॉलिएस्टर फिलामेंटपुरतं. धाग्याला उष्णतेने कुरळेपणा दिला असेल तर तो टेक्स्चर्ड. टेक्स्चर्ड पॉलिएस्टर ८५ टक्क्यांवर आणि कापड छापील असेल तर ५४०७.५४. पण गुळगुळीत, न कुरळवलेल्या पॉलिएस्टरचं प्रमाण ८५ च्या वर असेल तर ५४०७.६१. या सबहेडिंगमध्ये सहा आकड्यांच्या पातळीवर कोरं, रंगवलेलं, छापील असा भेदच नाही. आणि दोन्ही प्रकार मिळून ८५ च्या वर, पण एकही स्वतंत्रपणे नाही, तर ५४०७.६९. 'प्रिंटेड' हा शब्द शोधत ५४०७.५४ वर थांबणारे इथे फसतात. ५५१५, म्हणजे पॉलिएस्टर-व्हिस्कोसच्या सूटिंगचं घर, तिथेही सहा आकड्यांपर्यंत छपाई विचारलेली नाही. आपल्याकडे काही ठिकाणी ती सातव्या-आठव्या आकड्यात येते.

आता छपाई

कापड विणून झाल्यावर त्यावर नक्षी उमटवली, की ते छापील. धागे आधीपासून रंगीत होते का, याने फरक पडत नाही. चौकड्याच्या रंगीत धाग्यांच्या कापडावर फुलं छापली तरी ते 'वेगवेगळ्या रंगांच्या धाग्यांचं' न राहता 'छापील' होतं. आधी रंगवून मग छापलेलंही छापीलच.

छपाई म्हणजे फक्त रोटरी स्क्रीन नव्हे. ट्रान्सफर पेपरवरून गरम रोलरने उतरवलेली नक्षी, ब्रशने रंगवलेली, स्प्रे गनने फवारलेली, बाटिक आणि लव चिकटवून केलेली नक्षी ही सगळी व्याख्येतच नावानिशी दिलेली आहे. जॅकार्डची नक्षी मात्र विणीतून येते. ती कितीही उठावदार असली तरी छपाई नाही. त्यासाठी कापडाची उलटी बाजू बघावी. जॅकार्डची नक्षी मागे उलट्या रंगात दिसते, छापील नक्षी मागे फिकी पडते किंवा नाहीशी होते. डिजिटल छपाई दोन्ही बाजूंनी झिरपलेली असेल तर एक धागा काढा. एकाच धाग्यावर रंगाचे तुटक पट्टे दिसले, तर बहुधा छपाई आहे. काठातले वेगळ्या रंगाचे धागे या हिशेबात धरतच नाहीत.

'पुरवठादाराने कोड दिलाय, तोच घातला'

चालत नाही. २०११ पासून आपल्याकडे सेल्फ-असेसमेंट आहे, म्हणजे ड्युटी आयातदारानेच ठरवून भरायची. बिल ऑफ एंट्रीत (आयातीच्या घोषणापत्रात) कोड लिहिणं ही आयातदाराची जबाबदारी, मग तो सीएचएने (कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटने) भरलेला असो की चीनच्या कारखान्याने सुचवलेला. तिथला कोड दहा आकडी असतो. त्यातले पहिले सहा जुळायला हवेत, पुढचे चार आपल्याकडे निरर्थक. मुक्त व्यापार कराराची सवलत घेणार असाल तर उगम प्रमाणपत्रावरचा कोड आणि तुमचा कोड वेगळा निघाला की सवलतीवरच प्रश्नचिन्ह लागतं.

कोड चुकून ड्युटी कमी भरली गेली, तर कस्टम्स कायद्याच्या कलम २८ खाली दोन वर्षांपर्यंत मागणी येऊ शकते. मुद्दाम दडवल्याचं दिसलं तर पाच वर्षांपर्यंत, आणि वर ड्युटीइतका दंड. व्याज वर्षाला १५ टक्के.

'कंटेनर उघडल्याशिवाय त्यांना काय कळणार?'

बरंच काही. एक साधा गुणाकार पुरतो. २०,००० मीटर कापड, पन्हा ५८ इंच म्हणजे १.४७३२ मीटर, एकूण २९,४६४ चौरस मीटर. तुम्ही ९० जीएसएम लिहिलंय, तर निव्वळ वजन सुमारे २,६५२ किलो यायला हवं. पॅकिंग लिस्टवर ३,४०० किलो असेल तर कापड ११५ जीएसएमचं निघालं. मग नमुना घेतला जाणारच. ज्या ओळींवर 'टक्के किंवा किलोमागे, किंवा चौरस मीटरमागे इतके रुपये' असा दर आहे, तिथे तर ही तफावत थेट पैशांत मोजली जाते.

इनव्हॉइसवर म्हणून हे लिहून घ्या: वजनाने टक्केवारी, प्रत्येक तंतू फिलामेंट की स्टेपल, पॉलिएस्टर टेक्स्चर्ड आहे का, मागावरचं की निटेड, वीण, तयार कापडाचा जीएसएम, पन्हा, छपाईची पद्धत आणि मागच्या बाजूला थर आहे का. स्टॉक लॉट, म्हणजे उरलेल्या ताग्यांचा मिश्र माल, सगळ्यात त्रासाचा. त्यात प्रत्येक प्रकाराची मीटर आणि किलो यांची वेगळी ओळ हवी. 'मिक्स लॉट' असं लिहून आलेला माल तागा-तागा उघडून वेगळा करावा लागतो, आणि तोवर डेमरेज (बंदरात माल पडून राहिल्याचं भाडं) चालू राहतं. दोन-चार रुपये स्वस्त पडतो म्हणून असा माल घेणं क्वचितच परवडतं.

शंका असेल तर माल येण्याआधी नमुना मागवा. पूर्ण पन्ह्याचा एक मीटर पुरतो. तो टेक्स्टाइल्स कमिटीच्या किंवा दुसऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्या. माल आलाच असेल तर सीएचएला 'फर्स्ट चेक' मागायला सांगा, म्हणजे आधी तपासणी आणि मग असेसमेंट. रिपोर्टला वेळ लागणार असेल तर कलम १८ खाली बाँड देऊन प्रोव्हिजनल (तात्पुरतं) असेसमेंट करून माल सोडवता येतो. एकच प्रकार वारंवार मागवणार असाल तर कोडबद्दल आगाऊ निर्णय देणाऱ्या कस्टम्सच्या ॲडव्हान्स रुलिंग प्राधिकरणाकडे जा. मुंबईत आणि दिल्लीत ते २०२१ पासून आहे. मिळालेला निर्णय काही वर्षं टिकतो, मात्र अर्जातल्या वर्णनाशी प्रत्यक्ष माल जुळला पाहिजे. तुम्हाला मिळालेला निर्णय दुसऱ्या आयातदाराच्या कामाचा नाही, आणि त्याचा तुमच्या कामाचा नाही.

'आणि मीच जास्त ड्युटी भरली असेल तर?'

असंही होतं. सीएचए सावधपणे वरच्या दराची ओळ निवडतो आणि वर्षभराने कळतं की कापड तिथलं नव्हतंच. रिफंडची मुदत ड्युटी भरल्यापासून एक वर्षाची आहे, पण नुसता रिफंडचा अर्ज पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निकालानंतर आधी असेसमेंट बदलून घ्यावं लागतं. त्याचे मार्ग म्हणजे, उदाहरणार्थ, ६० दिवसांत कमिशनर (अपील्स) यांच्याकडे अपील किंवा कलम १४९ खाली बिल ऑफ एंट्रीत दुरुस्ती. कलम १४९ खाली दुरुस्ती मागताना, माल सोडवला त्या वेळी अस्तित्वात असलेलेच कागद पुराव्यात चालतात. नंतर काढलेला लॅब रिपोर्ट कितीही चांगला असला तरी तिथे उपयोगी पडत नाही. जुन्या बिलांसोबत पुरवठादाराचं स्पेसिफिकेशन शीट जोडलेलं आहे का, ते आजच पाहून घ्या.